फुलाची बाजू

१

वहिनी गेल्या तेव्हा त्यांच्या हातात ओला पडदा होता.

त्यांची बाल्कनी आणि माझी बाल्कनी लागून आहेत. मी नेहमीप्रमाणे पुस्तक घेऊन बसलो होतो. पलीकडे त्या पडदा वाळत घालत होत्या. एक टोक दोरीला लागलं होतं, दुसरा चिमटा दातांत धरलेला होता.

"बघा हो भावजी," त्या चिमट्याआडूनच म्हणाल्या, "पुन्हा धुतला, तरी पिवळाच्या पिवळा. आमच्या घरात पांढरं काही टिकतच नाही."

मी चष्म्यावरून पाहिलं. पडदा चांगला पांढराशुभ्र होता. पण दुसऱ्याच्या धुण्यावर मत द्यायची माझी छाती नाही, म्हणून मी नुसती मान हलवली. तेवढ्यात चिमटा फरशीवर पडल्याचा आवाज आला. वर पाहिलं तर वहिनी खाली बसल्या होत्या आणि पडद्याचं दुसरं टोक त्यांच्या मुठीत होतं. त्या पुन्हा उठल्या नाहीत.

हॉस्पिटलात नेईपर्यंत धुगधुगी होती, तिथे तीही गेली. हृदयाचं दुखणं जुनं, वय झालेलं. सगळ्यांनी तसंच धरलं. पण तिथल्या डॉक्टरांना नाडी विचित्र वाटली होती आणि त्यांनी रक्त काढून ठेवलं होतं. त्याचा निकाल आला आणि आमच्या इमारतीचा श्वासच थांबला. हृदयाची लय सांभाळायला वहिनी जे औषध घ्यायच्या, ते त्यांच्या रक्तात हवं त्याच्या कितीतरी जास्त होतं. हे औषध मोठं लहरी आहे. कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं जास्त झालं तर जीव घेतं.

घरातल्या गोळ्या मोजल्या. हिशोब चोख होता. मग जास्तीचं औषध आलं कुठून?

त्या घरात वहिनींखेरीज चौघं. वहिनींचे यजमान, म्हणजे माझा जुना मित्र. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून सगळे त्याला टिकटिक म्हणतात. त्याचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात, चिमणी. सून नर्स आहे. तिच्या वॉर्डात हेच औषध कपाटभर असतं, आणि त्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असते.

तिला न्यायला तपास अधिकारी बाई स्वतः आल्या. जिना उतरताना सूनबाई माझ्या दाराशी थांबली. रडली नाही. फक्त म्हणाली, "काका, चिमणीला सांगा, मी ड्युटीवर गेलेय."

तिच्या मागे, दाराच्या चौकटीत, तिचा नवरा उभा होता. तो खाली पाहत होता. बायकोला थांबवायला त्याने हातसुद्धा पुढे केला नाही.

२

मला लोकांच्या घरात जाऊन प्रश्न विचारायची सवय नाही. पण टिकटिककडे मी जायचोच, त्यामुळे गेलो.

बाहेरच्या खोलीत वहिनींची धाकटी बहीण बसली होती. चिमणी तिला मावशीआजी म्हणते. बाकी सगळे मावशी.

"मला आधीच माहीत होतं," मावशी म्हणाली. "माझ्या या कानांनी ऐकलंय मी. स्वयंपाकघरात दोघींचं वाजलं होतं. ही टवळी ताईला म्हणाली, 'मराल एक दिवस!' बघा, आता मेली ना?"

"कशावरून वाजलं होतं?" मी विचारलं.

"पडद्यांवरून. आणखी कशावरून? ताई म्हणाली पिवळे पडलेत, नीट धुतले नाहीस. ही म्हणे पांढरेच आहेत. सासूला खोटं पाडायला निघाली."

मुलगा खिडकीशी होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "काका, मला काही विचारू नका. आई गेली. बायको आत आहे. मी कुणाच्या बाजूने बोलू?"

"खरं असेल त्याच्या," असं म्हणावंसं मला वाटलं. म्हणालो नाही.

टिकटिक आतल्या खोलीत त्याच्या कामाच्या टेबलाशी होता. भिंतीवर सगळी घड्याळं एका सुरात चालली होती. मला पाहून तो उठायला गेला आणि धाप लागून परत बसला. पावलांवर सूज दिसत होती. चपला मागून दुमडून घातल्या होत्या.

"तुझीही तब्येत ठीक दिसत नाही," मी म्हणालो.

"माझं राहू दे रे. औषध चालू आहे."

"तेच? वहिनींचं?"

"तेच. डॉक्टर एक, दुखणं एक, गोळी एक. दोघांना अर्धी-अर्धी. रोज न्याहारी झाली की मी मोडायचो, तिच्या हातून चुरा व्हायचा." त्याने ड्रॉवरमधून नवीन पाकीट काढलं. लंबगोल पांढरी गोळी, मध्ये मोडायची खाच, आणि खाचेच्या एका बाजूला कंपनीचं चिन्ह उठवलेलं: पाच पाकळ्यांचं फूल. दुसरी बाजू कोरी.

"आधी गोल असायची," तो म्हणाला. "मग दुकानात ही यायला लागली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, 'लग्नाला इतकी वर्षं झाली, एक फूल आणलं नाहीत कधी. निदान हे तरी मला द्या.' तेव्हापासून फुलाचा अर्धा तिचा, कोरा माझा. रोज हातावर ठेवायचो. आणि ती रोज म्हणायची, 'वा, आज फूल!'"

तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. टेबलावर घड्याळाचे स्क्रू ठेवायची पत्र्याची डबी होती. तिच्यात फुलाचे अर्धे साठले होते.

"अजूनही मोडतो," तो म्हणाला. "माझा घेतो. तिचा इथे टाकतो. फेकवत नाही."

मी टेबलावरच्या एका उघड्या घड्याळाकडे बघत बसलो.

"तू शिकलेला माणूस आहेस," तो हळूच म्हणाला. "सूनबाईनं हे केलं असेल का रे? ती पोर माझ्या पायांना रोज तेल चोळते."

३

दुसऱ्या दिवशी तपास अधिकारी बाई मला शोधत कॉलेजच्या तळघरात आल्या.

माझं काम थोडं सांगायला हवं. औषधनिर्माण शास्त्राच्या कॉलेजात मी निवृत्तीनंतरही जातो. तिथे कपाटाएवढं एक क्ष-किरण यंत्र आहे. माणसांसाठी नव्हे, गोळ्यांसाठी. गोळी प्लास्टिकच्या नळीत उभी करायची, ती आत गोल गोल फिरते, यंत्र तिची ढीगभर चित्रं काढतं आणि संगणक ती जुळवून अख्खी गोळी पडद्यावर उभी करतो. मग ती सुरी न लावता हवी तिथे कापून पाहता येते. औषध आत कसं पसरलंय, सगळीकडे सारखं की कुठे गोळा झालंय, ते दिसतं. मुलं मला क्ष-काका म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते माहीत नाही.

"तुम्ही गोळीच्या पोटात बघता म्हणे," बाई म्हणाल्या. त्यांनी एक सीलबंद पाकीट टेबलावर ठेवलं. "सरकारी प्रयोगशाळेत या गोळ्या तपासून झाल्या. कुटून भुकटी केली, औषध मोजलं. जेवढं हवं तेवढंच निघालं."

"सगळ्या कुटल्या?"

"कुटूनच बघतात ना? त्यांचा तसा नियम आहे. या उरल्या. आरोपीचा वकील म्हणतो, गोळीच सदोष असेल. तुम्ही एकदा बघून टाका, म्हणजे ती शंका मिटेल."

"आणि ती मिटली की?"

"की मग औषध बाहेरून आलं. आणि त्या घरात बाहेरून औषध आणू शकणारी एकच व्यक्ती आहे."

मी एक गोळी नळीत उभी केली. यंत्र घुरघुरायला लागलं. बाई स्टुलावर बसून माझी पुस्तकं न्याहाळत होत्या.

"रहस्यकथा बऱ्याच दिसतात तुमच्याकडे."

"वाचतो," मी ओशाळून म्हणालो. "खुनी कोण ते मला कधीच आधी ओळखता येत नाही."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "पण कुणाला सांगू नका, नोकरी जाईल."

चित्र तयार झालं. या गोळीत औषध अगदी चिमूटभर असतं, त्यामुळे ते आधी चुन्यासारख्या जड दाण्यांवर चढवतात आणि मग ते दाणे हलक्या भुकटीत मिसळतात. जड दाणे क्ष-किरणांत पांढरे दिसतात, भुकटी करडी. आमच्याकडे रीत पडून गेली आहे, सगळ्यांना तीच शिकवलेली: गोळी बरोबर मधोमध आडवी कापायची आणि तो मधला काप पाहायचा. शितावरून भाताची परीक्षा.

मी मधला काप पाहिला. करड्यात पांढरे ठिपके नीट, विखुरलेले होते. दुसरी गोळी लावली. तीही तशीच.

"सारखं पसरलंय," मी म्हणालो.

"तसं लिहून द्याल?"

मी लिहून दिलं. खाली सही केली. बाई कागद घडी करून उठल्या आणि दाराशी वळल्या.

"आता सूनबाई सुटणं कठीण," त्या म्हणाल्या. "नातीचं वय काय हो?"

४

मला झोप येईना असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे मला पुस्तकही वाचवेना, आणि ते माझ्या बाबतीत जास्त वाईट. दुपारी मी चौकीवर गेलो. अधिकारी बाईंनी मला सूनबाईसमोर बसू दिलं आणि स्वतः खिडकीशी उभ्या राहिल्या.

सूनबाईचा चेहरा उतरला होता. पण आवाज तोच, वॉर्डातला.

"काका, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"गुडघे गेले खड्ड्यात. तू वहिनींना 'मराल एक दिवस' म्हणालीस?"

"म्हणाले." तिने अधिकारी बाईंकडे पाहिलं. "हे मी यांनाही सांगितलंय. आईंना पडदे पिवळे दिसत होते. भिंत पिवळी, दूध पिवळं, चिमणीचा युनिफॉर्म पिवळा. जेवणावरची वासना उडालेली. हे औषध अंगात साठलं की असं दिसायला लागतं. मी पेशंटांमध्ये पाहिलंय. मी म्हटलं, चला डॉक्टरांकडे. तर म्हणाल्या, तुला धुणं जमत नाही म्हणून मला रोगी ठरवतेस. मग मी ओरडले. म्हटलं, ऐकलं नाहीत तर मराल एक दिवस."

"अगं, मग सगळ्यांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तुमच्या भांडणात मला ओढू नकोस." ती थांबली. "बाबांनाही विचारलं, आईंना चुकून जास्त देता का? ते म्हणाले, अर्धीच, माझ्यासारखी. आणि बाबा असल्या गोष्टीत चुकायचे नाहीत. ते स्क्रूसुद्धा मोजून ठेवतात."

"मग?"

"मग मला काही कळेना, काका. कारण बाबांचं अगदी उलट. पायावर सूज, धाप, नाडी सैरावैरा. औषध कधी घेतलंच नाही अशी. एकच गोळी, तिचे दोन अर्धे. एकाला विष झालंय आणि दुसऱ्याला पाणी. हे कसं शक्य आहे?"

"शक्य नाही," खिडकीतून अधिकारी बाई म्हणाल्या. "म्हणूनच तुम्ही इथे आहात."

 काहीतरी डोक्यात हललं होतं, पण माझ्या डोक्यात पुष्कळदा काहीतरी हलतं आणि ते निरुपयोगी निघतं. उठता उठता ती म्हणाली, "चिमणी विचारते का?"

"रोज. मी सांगतो, ड्युटी लांबलीय."

संध्याकाळी जिन्यात टिकटिक भेटला. कठड्याला धरून उभा होता.

"डॉक्टरांशी बोललो," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणाले, औषध कमी पडतंय. उद्यापासून अर्धीच्या जागी अख्खी घ्या."

"मग घे ना."

"नवी गोळी कशाला मोडू? तिचे अर्धे डबीत साठलेत. दोन-दोन घेईन. तिच्या वाटचं वाया जायला नको." आणि जरा लाजून म्हणाला, "रोज दोन फुलं. तिला आवडलं असतं."

५

सकाळी कॉलेज उघडता उघडता मी तळघरात पोचलो.

मला फक्त एवढंच हवं होतं की माझ्या सहीवरचा माझा विश्वास परत यावा. त्याच गोळीचं चित्र पडद्यावर आणलं. मधला काप. करड्यात पांढरे ठिपके, नीट विखुरलेले. बरोबरच होतं माझं.

मग पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की गोळीचा मधला भाग म्हणजे तिची खाच. तो भाग कुणाच्याच वाटणीला येत नाही. एक त्याच्या वरचा अर्धा घेतो, दुसरा खालचा.

मी काप वर सरकवला. ठिपके विरळ झाले. आणखी वर. आणखी विरळ. टोकाशी नुसती करडी भुकटी, रिकाम्या आभाळासारखी.

खाली सरकवला. ठिपके दाट झाले. मग एकमेकांना चिकटले. टोकाशी सगळा काप पांढराफेक पडला होता.

 मी दुसरी गोळी पाहिली, मग पाकिटातली तिसरी नळीत लावली. प्रत्येकीत तेच: एका अर्ध्यात जवळजवळ सगळं औषध, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही. अख्खी कुटली तर माप चोख. मधोमध कापली तर चित्र चोख. सरकारी नियमाने पाहिलं तरी चोख, आमच्या रीतीने पाहिलं तरी चोख. फक्त त्या घरात ती मोडून घेत होते.

कुठला अर्धा? मी पडद्यावरची गोळी हळूहळू फिरवली आणि तिचा पृष्ठभाग समोर आणला.

पांढऱ्या बाजूवर पाच पाकळ्या होत्या. तिन्ही गोळ्यांत.

तेव्हा मला जिन्यातलं वाक्य आठवलं. रोज दोन फुलं. उद्यापासून, म्हणजे आजपासून. वहिनींना जेवढं पोचत होतं त्याच्याही दुप्पट, आणि तेही त्या थकलेल्या शरीरात.

मी फोन लावला. वाजत राहिला. त्याच्या खोलीतल्या घड्याळांच्या टिकटिकीत त्याला फोन कधीच ऐकू येत नाही.

६

मी किती वर्षांनी धावलो कोण जाणे. रिक्षा मिळाली, पण ती सिग्नलला अडकली तेव्हा मी उतरून पुढे पळालो. रिक्षावाला मागून "अहो आजोबा, उरलेले सुटे!" असं ओरडत होता. तिकडेही लक्ष दिलं नाही.

टिकटिकचं दार उघडंच होतं. तो टेबलाशी बसला होता. बशीत न्याहारीचं उष्टं. एका हातात पाण्याचा पेला, दुसरा तळवा तोंडाजवळ.

"थांब!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडू शकतो हे मलाच माहीत नव्हतं. आतून मावशी आणि मुलगा धावत आले. टिकटिकने दचकून हात खाली केला. दोन अर्ध्या गोळ्या टेबलावर पडल्या आणि घड्याळाच्या चाकांमध्ये घरंगळल्या.

"वेडबिड लागलं की काय?" मावशी म्हणाली. "माणसाचं औषध पाडता?"

मी चाकांमधून ते दोन अर्धे उचलून खिशात घातले. डबीही उचलली. श्वास लागून बोलता येईना.

"घेतलंस का आधी?" मी कसंबसं विचारलं.

"नाही. हेच घेत होतो. पण झालं काय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे विश्वासाने पाहत होता. आणि तेव्हा, इतका वेळ धावताना जे सुचलं नव्हतं, ते मला कळलं. सूनबाई सुटेल. पण ती सुटण्यासाठी याला जे सांगावं लागेल, ते सांगायचं कुणी?

"या गोळ्या खराब आहेत," मी म्हणालो. "घेऊ नकोस. एवढंच."

मुलाने माझ्याकडे रोखून पाहिलं. "खराब म्हणजे? मग ती... मग माझी बायको..."

मी होकाराची मान हलवली. तो मटकन खुर्चीत बसला. मावशी भिंतीला टेकली. तिचा पदर तोंडाशी गेला.

७

मी फोन करून अधिकारी बाईंना बोलावलं आणि बाहेर व्हरांड्यातच गाठलं. दार लोटून घेतलं आणि कॉलेजातून मागवलेले चित्रांचे छापील कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते पाहिले, पुन्हा पाहिले.

"हे कुणी मुद्दाम केलंय?"

"कुणीच नाही. भुकटी साच्यात एका बाजूने येते. दाणे जड, भुकटी हलकी. मिश्रण बिघडलं असलं की जड दाणे अलीकडच्या कडेलाच बसतात आणि हलकी भुकटी पुढे सरकते. गोल गोळी असली तर चिन्ह उठवणारा ठसा साच्यात फिरत राहतो. दाणे कधी चिन्हाखाली, कधी नाही. लंबगोल ठसा फिरूच शकत नाही. म्हणून प्रत्येक गोळीत दाणे फुलाच्याच बाजूला."

"पण मग गावभर लोक आजारी पडायला हवे होते."

"अख्खी गोळी घेणाऱ्याला काही फरक नाही. एकटा माणूस अर्धी घेत असेल तर आज एक अर्धा, उद्या दुसरा. जास्त-कमी होऊन बरोबरी होते. रोज त्याच माणसाच्या पोटात तोच अर्धा जायला हवा, तरच..." मी आवाज खाली आणला. "टिकटिकचं रक्त तपासा. त्यात औषध सापडणार नाही. वहिनींना दोघांचं मिळत होतं. बाई, माझी एक विनंती आहे. गोळी सदोष होती एवढंच त्याला कळू दे. फुलाचं नको."

बाईंनी कागद खाली केले.

"काका, मलाही नको वाटतं. पण गोळी कोण मोडायचं आणि कुठला भाग कुणाला जायचा, हे दुसरं कोण सांगणार? तो जबाब नसेल तर तुमची चित्रं म्हणजे नुसती चित्रं. आणि ती मुलगी आत."

"मी सांगतो ना! त्याने मला सांगितलंय."

"ऐकीव," त्या म्हणाल्या. "तुम्ही रहस्यकथा वाचता. तुम्हाला माहीत आहे."

मागे दार करकरलं. टिकटिक चौकटीत उभा होता. केव्हापासून होता कोण जाणे. घड्याळ दुरुस्त करताना डोळ्याला लावायचं भिंग त्याच्या कपाळावर होतं.

"बघू," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

मी बाईंच्या हातातला कागद ओढून पाठीमागे धरला. लहान मुलासारखा. त्याने काही न बोलता माझ्या हातातून तो काढून घेतला, भिंग डोळ्यावर आणलं आणि चित्र उजेडात धरलं. आयुष्यभर त्याने याच नजरेने बंद पडलेली घड्याळं पाहिली होती; दोष कुठे आहे ते त्याला कुणी सांगावं लागत नसे.

"हे पांढरं म्हणजे औषध?"

"हो."

"आणि फूल?"

माझी नजर पांढऱ्या टोकावर गेली. 

त्याचं बोट करड्या टोकावरून निघालं, खाच ओलांडून पांढऱ्या टोकावर आलं आणि तिथेच थांबलं. आत सगळी घड्याळं चालली होती. त्याने भिंग वर केलं. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि तो लिहून दाखवण्याइतका चांगला लेखक मी नाही.

"रोज," तो म्हणाला. "रोज हातावर ठेवायचो."

"तुला काय ठाऊक असणार, अरे..."

"ती म्हणायची, वा, आज फूल."

मुलगा मागून येऊन त्याला धरायला लागला. त्याने हलकेच हात सोडवला आणि अधिकारी बाईंकडे वळला. शब्द एकेक, सुटे, घड्याळात चाकं बसवावीत तसे नीट आले.

"लिहून घ्या. गोळी मी मोडायचो. फुलाचा अर्धा तिला द्यायचो, कोरा मी घ्यायचो. एकही दिवस उलटं झालं नाही. माझं रक्त आत्ता काढा. आणि माझ्या सुनेला घरी आणा."

८

डबीतल्या आणि सीलबंद पाकिटातल्या सगळ्या गोळ्या मी चित्रांत पकडल्या. या वेळी टोकापासून टोकापर्यंत. पहिला कागद रद्द करून नवीन लिहून दिला. टिकटिकच्या रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच. त्या खेपेच्या गोळ्या दुकानांमधून परत मागवल्या गेल्या, आणि सूनबाई सुटली.

ती जिना चढून आली तेव्हा चिमणी शाळेतून यायची होती. मावशी पुढे झाली, काहीतरी पुटपुटली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. सूनबाईने तिला पाठीवर थोपटलं, पेशंटच्या नातेवाइकांना थोपटतात तसं. नवऱ्याकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"चिमणीला काय सांगितलंत?"

"ड्युटीवर आहेस म्हणून."

"ते काकांनी सांगितलं. तुम्ही काय सांगितलंत?"

 तिने पिशवी खाली ठेवली आणि आतल्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेलो.

टिकटिक पाठमोरा बसला होता. तो वळला नाही.

"बाबा, औषध घेतलंत?"

"नको मला ते."

"नको म्हणून कसं चालेल? पाय बघा." ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. पर्समधून नवीन पाकीट काढलं. "डॉक्टरांना भेटूनच आलेय. ही दुसरी आहे. गोल, छोटी. अख्खी घ्यायची. आजपासून काही मोडायचं नाही."

तिने त्याचा हात ओढून तळव्यावर गोळी ठेवली. त्याने ती बोटाने उलटी केली, सुलटी केली.

"हिच्यावर काही नाही," तो म्हणाला.

"नाही, बाबा. दोन्हीकडून कोरी."

त्याने गोळी तोंडात टाकली. तिने पेला पुढे केला. पाणी पिताना त्याचे दात काचेवर वाजले. मग इतके दिवस जे आलं नव्हतं ते रडू त्याला आलं, आणि सूनबाई त्याचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन बसून राहिली. मी बाहेर आलो.

बाल्कनीत तो पडदा अजून तसाच होता. एका चिमट्यावर लोंबत होता, दुसरं टोक फरशीला लागलेलं. त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी माझ्या बाजूने बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने पलीकडे टिकटिक आला, सुनेचा हात धरून. त्याने वाकून फरशीवरचा चिमटा शोधला, पडद्याचं दुसरं टोक उचलून दोरीवर घातलं आणि सरळ केलं.

मग मागे सरून डोळे बारीक करून पाहू लागला.

"पांढराच आहे ना रे?" त्याने मला विचारलं.

या वेळी मी नुसती मान हलवली नाही.

"पांढरा आहे," मी म्हणालो. "अगदी पांढरा."